कुत्र्यांच्या शेल्टरमधलं काम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात शेल्टरमधल्या बिहेवियर कोऑर्डिनेटरबद्दल, म्हणजे तिथल्या कुत्र्यांच्या वागणुकीचा सगळा कार्यक्रम सांभाळणाऱ्या माणसाबद्दल थोडं लिहिलं होतं. मी स्वतः बारा वर्षं हेच काम करतेय. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून त्यातले सहा प्रश्न घेतलेत. काही पत्रं लांब होती ती थोडी कमी केलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, मी नाशिकची. झूऑलॉजीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला शेल्टरमधेच काम करायचंय, घरोघरी जाऊन कुत्र्यांना सिट-स्टे शिकवायचं नाहीये. घरचे म्हणतात व्हेटर्नरी कर नाहीतर हे खूळ सोड. कोणता कोर्स करू? आणि दिवसभर नक्की काम काय असतं?

आधी दिवसभराचं सांगते, कारण कोर्सचं उत्तर त्यातच आहे.

सकाळी आठला पोचायचं आणि काही न करता एक फेरी मारायची. हातात ट्रीट नाही, फोन नाही, नुसतं बघायचं. कोण दाराशी आलं, कोण मागच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसलंय, कुणाचं कालचं जेवण तसंच पडलंय, कोण जागच्या जागी गोल फिरतंय, कोण आपल्याकडे बघून जांभया देतंय आणि ओठांवरून जीभ फिरवतंय (झोप आली म्हणून नाही, घाबरलंय म्हणून). हे सगळं कार्डावर लिहायचं. मग केअरटेकर लोकांशी बोलायचं, रात्री काय झालं ते त्यांनाच माहीत असतं. मग डॉक्टरांशी, कारण कालपर्यंत शांत असलेलं कुत्रं आज गुरगुरायला लागलं तर पहिला संशय दुखण्याचा घ्यायचा, वागणुकीचा नंतर. मग कोणाला कोण फिरवणार, कुठली दोन कुत्री एकत्र मैदानात सोडायची, कुठल्या व्हॉलंटियरला कुठलं कुत्रं अजून द्यायचं नाही, दत्तक घ्यायला आलेल्या कुटुंबाला वन बीएचकेमधे कोण सूट होईल, मागच्या आठवड्यात गेलेल्या पिल्लाच्या घरी फोन. कुत्रं घरी गेल्यावर तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ आडाखा शेल्टरवाले सगळीकडे वापरतात: तीन दिवस बावरलेलं, तीन आठवड्यांत घराची सवय, तीन महिन्यांत आपलं घर वाटायला लागतं. फोनही त्याच हिशोबाने करायचे, कारण कुत्रं परत येतं ते बहुतेक त्या पहिल्या काही दिवसांतच, आणि अगदी साध्या कारणाने येतं, रात्री रडतं, घरात शू करतं, कामवाल्या मावशींवर भुंकतं.

बघ, यात तू स्वतः कुत्र्याला काही शिकवतेयस असा वेळ किती आला? फार थोडा. केनेलमधलं, म्हणजे शेल्टरच्या जाळीच्या खोलीतलं कुत्रं दिवसाचे बावीस-तेवीस तास त्या जाळीच्या आत असतं. तू एकटी अर्धा तास कितीही छान ट्रेनिंग दिलंस तरी उरलेल्या तासांत त्याला पाणी देणारा, झाडून घेणारा, समोरून बादली घेऊन जाणारा माणूस त्याला काय शिकवतोय त्यावर सगळं ठरतं. आम्ही प्रत्येक केनेलच्या बाहेर खाऊची एक डबी टांगली आणि नियम केला की समोरून जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो नाहीतर गॅसवाला, एक दाणा आत टाकायचा, कुत्रं भुंकत असलं तरी टाकायचा. साधं पावलॉवचं तत्त्व आहे, माणूस दिसला की चांगलं काहीतरी येतं. हे एक माणूस करून चालत नाही, वीस माणसांनी महिनाभर न चुकता करावं लागतं, आणि वीस माणसांकडून एकच छोटी गोष्ट रोज करून घेणं हेच या पोस्टचं खरं काम आहे.

आता कोर्स. व्हेटर्नरी करायची असेल तर जरूर कर, साडेपाच वर्षं जातात इंटर्नशिप धरून, पण ती डॉक्टर व्हायचं म्हणून कर, घरचे गप्प बसावेत म्हणून नको. या कामाला ती डिग्री लागत नाही. आपल्याकडे ट्रेनर किंवा बिहेवियरिस्ट म्हणवून घ्यायला कसलंही सरकारी लायसन्स लागत नाही, त्यामुळे उद्या कुणीही बोर्ड लावू शकतो आणि कोर्सही काढू शकतो. म्हणून फी भरायच्या आधी तीन गोष्टी विचार. प्रत्यक्ष कुत्र्यांसोबत किती तास मिळणार? शिकवणारे काटेरी पट्टा, गळ्याला झटका देणारी चेन, शॉक कॉलर वापरतात का? वापरत असतील तर तिथून निघ. आणि तिसरं, त्यांनी रस्त्यावरच्या आपल्या कुत्र्यांसोबत काम केलंय का, की सगळं लॅब्रेडॉरवरच चालतं? कारण शेल्टरमधे तुला भेटणार ती बहुतेक सगळी देशीच, आणि जे कुत्रं चार वर्षं स्वतःच्या मर्जीने गल्लीत फिरलंय त्याला बंद खोलीचा त्रास वेगळाच होतो.

कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांची टीम कितीतरी वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांवर संशोधन करतेय, ते नक्की वाच. २०१७ मधे त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसाने वारंवार भेटून खाऊ देण्यापेक्षा वारंवार प्रेमाने हात फिरवला तर रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विश्वास जास्त बसतो. अर्थात याचा अर्थ घाबरलेल्या कुत्र्याला धरून कुरवाळायचं असा नाही, ते जवळ आलं तर आणि तेव्हाच. पण आपल्या कुत्र्यांबद्दल आपल्याच देशात झालेलं काम आहे आणि झूऑलॉजीवालीला ते समजायला सोपं जाईल.

घरच्यांना सांग की मला एक वर्ष द्या. त्या वर्षात एकाच शेल्टरमधे आठवड्यातून निदान तीन दिवस जा, झाडायला लावलं तर झाड, आणि वही ठेव. वर्षाच्या शेवटी ती वही तुझ्याकडे असेल, आणि मी मुलाखत घेते तेव्हा सर्टिफिकेटच्या आधी तीच मागते.

प्रश्न: माझी मुलगी वीस वर्षांची आहे, तिला असंच काहीतरी करायचंय. मला रेबीजची भयंकर भीती वाटते. मी नाही म्हणू का?

काकू, भीती रास्त आहे, लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ वाचतच नाही. पण नाही म्हणू नका, अट घाला. शेल्टरमधे पाऊल टाकायच्या आधी चावा न होताच घ्यायचा रेबीज लसीचा कोर्स तिने पूर्ण करायचा. जे शेल्टर व्हॉलंटियरला याबद्दल विचारतही नाही तिथे तिला पाठवू नका, हा माझा स्पष्ट सल्ला. आणि लस घेतलेली असली तरी दात किंवा नख लागलं तर लगेच वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. आधी लस झालेली असेल तर नंतरचे डोस कमी लागतात, पण लागतातच. हळद, चुना, मिरची यातलं काही जखमेवर लावायचं नाही.

प्रश्न: पुण्यात आयटीत आहे, वय ३४. दोन वर्षं शनिवार-रविवार एका शेल्टरला जातोय आणि आता नोकरी सोडून हेच करावं असं वाटतंय. पैशाचं स्पष्ट सांगाल का?

स्पष्टच सांगते. आत्ता सोडू नका. शेल्टरचा पैसा आधी खाण्याला जातो, मग औषधं, डॉक्टर, गाडीचं डिझेल, केअरटेकरचे पगार, आणि वागणुकीच्या कामाला उरलं तर काहीतरी. मला पहिल्या वर्षी महिना आठ हजार मिळायचे आणि तेही कधी पंधरा तारखेला. आजही मी संध्याकाळी घरोघरी कन्सल्टेशन घेते त्यावर घर चालतं, आणि या लाइनमधले माझ्या ओळखीचे बरेच जण असंच करतात. तुमच्यावर होम लोन असेल, मुलं असतील तर हे आधी घरी बसून मांडा.

पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्यात बहुतेकांकडे नसते, तुम्हाला एक्सेल येतं. हसू नका, मी मनापासून सांगतेय. किती शेल्टरना हे सांगता येतं की आमच्याकडे एक कुत्रं सरासरी किती दिवस राहतं, दत्तक गेलेल्यांपैकी किती परत आली आणि का, वर्षात किती चावे झाले आणि कुठल्या वेळी, जेवणाच्या की साफसफाईच्या? आमच्याकडे हे लिहायला लागल्यावर तीन महिन्यांत कळलं की निम्म्याहून जास्त चावे दुपारी केनेल धुताना होतायत, कारण कुत्र्याला आत ठेवूनच पाइप सोडायचे. आधी कुत्रं बाहेर काढा मग धुवा, एवढा एकच बदल केला. हा बदल ट्रेनरने नाही, वहीने घडवला.

आणि हेच आकडे पैसे आणतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या यादीत प्राणी कल्याण आहे, म्हणजे तुमच्याच कंपनीचा सीएसआरचा पैसा इथे येऊ शकतो, पण कंपनीला भुंकणाऱ्या कुत्र्याचा फोटो दाखवून तो येत नाही, वर्षाचा प्लॅन आणि मोजमाप लागतं. तुम्ही तुमच्या शेल्टरला जाऊन म्हणा की सहा महिने मी रेकॉर्ड सांभाळतो, त्यावर प्रपोजल लिहितो, आणि ते मंजूर झालं तर त्यात कोऑर्डिनेटरचा पगार धरायचा. अशी पोस्ट जाहिरातीतून क्वचित मिळते, बहुतेक वेळा आपली आपणच उभी करावी लागते, आणि तोपर्यंत पगार चालू असलेला बरा.

जाता जाता एक. तुमचं शेल्टर नसबंदी करून कुत्री परत सोडणारं आहे, का कुत्री तिथेच वर्षानुवर्षं राहतात, का दत्तक देणारं आहे, हे लिहिलं नाहीत. तिन्हीतलं काम फार वेगळं असतं. पहिल्यात कुत्रं काही दिवसच असतं, तिथे शिकवायचं काही नाही, फक्त पकडताना, ठेवताना, सोडताना त्याची भीती कमी कशी राहील ते बघायचं.

प्रश्न: मी ठाण्यात सोसायटीतल्या कुत्र्यांना खायला घालते. कोर्टाच्या ऑर्डरनंतर ‘आक्रमक’ कुत्री सोडायची नाहीत असं झालंय. पण आक्रमक हे ठरवणार कोण? हे काम तुमच्यासारखे लोक करतात का?

या प्रश्नासाठी मी तुमचे आभार मानते, कारण यावर कुणी बोलतच नाही.

थोडक्यात मागचं सांगते. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची, पण रेबीज झालेली किंवा तशी शंका असलेली आणि आक्रमक वागणारी सोडायची नाहीत. मग ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, क्रीडासंकुलं, बस स्टँड-डेपो, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून शेल्टरला न्यायची आणि परत तिथे सोडायची नाहीत असा आदेश आला. म्हणजे एकीकडे शेल्टरमधे कायमची राहणारी कुत्री वाढणार, आणि दुसरीकडे एका शब्दावर कुत्र्याचं आख्खं आयुष्य ठरणार. रेबीजची शंका असेल तर २०२३ च्या एबीसी, म्हणजे कुत्र्यांच्या नसबंदीच्या नियमांत वेगळं ठेवून लक्ष ठेवायची पद्धत दिलेली आहे, दहा दिवसांत काय ते कळतं. आक्रमकपणाचं तसं नाही.

अमेरिकेत यावर खूप वर्षं टेस्ट वापरल्या गेल्या. कुत्रं खात असताना काठीला लावलेला प्लॅस्टिकचा हात वाटीत घालायचा, बाहुली दाखवायची, अनोळखी माणूस अंगावर आणायचा, आणि मार्क द्यायचे. २०१६ मधे गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी आकडेमोड करून मांडलं की शेल्टरमधे अशा टेस्टमधे नापास झालेलं कुत्रं खरंच धोक्याचं असेल का हे सांगणं नाणं उडवण्याइतकंच भरवशाचं आहे. कारण समजायला सोपं आहे. खरोखर धोक्याची कुत्री मुळात थोडी, त्यामुळे टेस्टमधे थोडी जरी चूक असली तरी नापास झालेल्यांत बिचारी घाबरलेलीच जास्त भरतात. आणि आपल्याकडे तर कुत्रं जाळ्यात पकडून, गाडीत दहा जणांसोबत कोंबून, अनोळखी वासाच्या पिंजऱ्यात टाकल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी काठी आपटून बघतं आणि लिहितं ‘अ‍ॅग्रेसिव्ह’.

मी माझ्या टीमला तो शब्द लिहूच देत नाही. काय झालं ते लिहा. ‘मंगळवारी दुपारी दोघं जण आत गेले, कुत्रं कोपऱ्यात होतं, काठी पुढे केल्यावर काठीला चावलं, माणसाला नाही, दोन मिनिटांनी पाणी प्यायलं.’ असं लिहिलं की डॉक्टर, महापालिकेचे अधिकारी, उद्या कोर्ट, कुणालाही त्यावरून विचार करता येतो. ‘आक्रमक’ लिहिलं की विचार तिथेच थांबतो. तुम्हीही एक करू शकता, आणि फीडर, म्हणजे कुत्र्यांना खायला घालणाऱ्या लोकांनी हे आत्ताच करावं असं मला कळकळीने वाटतं: तुमच्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो, कानाला नसबंदीची खाच आहे का, लस कधी झाली, मुलांसोबत कसं वागतं, बाइकमागे पळतं का, असं एका पानावर लिहून ठेवा, तारखेसकट. आणि पळत असेल तर पळतं असंच लिहा, लपवू नका. ज्याला चावलाय त्याचं दुखणं खरं असतं, आणि खोटं लिहिलेल्या एका पानामुळे बाकीच्या पानांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न: न्यू जर्सीत असते, मूळची सांगलीची. वर्क परमिट येईपर्यंत काउंटी शेल्टरला व्हॉलंटियर करतेय. इथे पुढे करिअर करायचं तर?

तिकडे रस्ता जास्त आखलेला आहे. सीपीडीटी-केए ही डॉग ट्रेनरची परीक्षा बऱ्याच ठिकाणी विचारतात, तिला बसायला मागच्या ३ वर्षांतले निदान ३०० तास ट्रेनिंगचा अनुभव लागतो, कुठले तास धरतात ते आधी नीट वाचून मग आत्तापासूनच नोंद ठेवा आणि सुपरवायझरची सही घेत चला. कुत्र्यांना गटाने खेळायला सोडायचं असेल तर एमी सॅडलर यांच्या डॉग्ज प्लेइंग फॉर लाइफ या संस्थेचं ट्रेनिंग शेल्टरांमधे बरंच चालतं. आणि अतिशय घाबरलेल्या कुत्र्यांवर एएसपीसीए या तिकडच्या प्राणी कल्याण संस्थेने जे काम केलं त्याची सुरुवात २०१३ मधे तुमच्याच न्यू जर्सीत मॅडिसनला झाली, मग २०१८ मधे नॉर्थ कॅरोलायनात वीव्हरव्हिलला कायमचं सेंटर झालं. त्यांनी जे शिकलं ते इतर शेल्टरना शिकवतात, त्याचा फायदा घ्या.

आणखी एक, तुमच्या शेल्टरला कुत्र्यांसाठी दोन रात्रींची सुट्टी सुचवा. २०१९ मधे अमेरिकेतल्याच पाच शेल्टरमधल्या २०७ कुत्र्यांवर अभ्यास झाला होता, एक-दोन रात्री कुणाच्या घरी नेलं तर ताणाचं हार्मोन कमी झालं आणि कुत्री जास्त वेळ सलग निवांत पडली. परत आणल्यावर ताण पुन्हा होता तेवढाच झाला, जास्त नाही. ‘घरी नेऊन परत सोडणं म्हणजे क्रूरपणा’ असं म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

प्रश्न: मॅडम, मी कोल्हापूरकडचा. दहावी पास. आठ वर्षं एका शेल्टरमधे केअरटेकर आहे, सगळी कुत्री माझं ऐकतात. आता संस्थेने इंग्रजी बोलणारी एक मॅडम बिहेवियरसाठी घेतलीय, तिला सहा महिन्यांचा अनुभव आहे. माझ्यासारख्याला ही पोस्ट मिळू शकते का खरं सांगा. (हे माझ्या भाचीने टाइप करून दिलंय.)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

माझ्या सुरुवातीच्या काळातलं सांगते. एक तांबडा कुत्रा होता, वाटीजवळ गेलं की गुरगुरायचा. मी फाइलवर लिहिलं की हा खाणं राखतो, आणि दोन आठवडे त्याच्यावर मेहनत घेतली, वाटीत चिकन टाकत, हळूहळू जवळ जात, पुस्तकात लिहिलंय तसं सगळं. काही फरक नाही. तिथले केअरटेकर मामा एक दिवस म्हणाले, ताई, हा दुधात भिजवलेली भाकरी देतो तेव्हा मुकाट खातोय, कोरडे दाणे टाकले की चिडतोय. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर मागची दाढ चिरून पू झालेला. दाढ काढली आणि गुरगुरणं संपलं. ते मामांना पहिल्या दोन दिवसांत दिसलं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. त्या कुत्र्याने दोन आठवडे जे सोसलं ते माझ्यामुळे, आणि त्यानंतर मी केअरटेकरशी बोलल्याशिवाय एकही कार्ड भरलेलं नाही.

तर खरं उत्तर. हो, मिळू शकते, मिळायला हवी, पण आपोआप मिळणार नाही. ‘सगळी कुत्री माझं ऐकतात’ हे तुमचं भांडवल आहे, पण त्यातच एक अडचण पण आहे. तुम्ही सुट्टीवर गेलात की काय होतं? तुमचं ऐकणारं कुत्रं नव्या माणसाचं ऐकेल असं तुम्ही करून दाखवलंत की मग तुम्ही कोऑर्डिनेटर झालात. म्हणून एक कुत्रं निवडा, तुमच्याशिवाय कुणाला हात लावू न देणारं, आणि ते आणखी चार माणसांकडून पट्टा बांधून घेईल इथपर्यंत आणा. रोज काय केलं ते मोबाइलवर मराठीत बोलून रेकॉर्ड करा, तारीख सांगून, एक-दोन मिनिटं पुरे, आणि पहिल्या दिवशीचा आणि महिन्यानंतरचा व्हिडिओ ठेवा. इंग्रजी लिहिता येत नाही याने काही अडत नाही, नोंद नसली की मात्र अडतं.

आणि त्या नव्या मॅडमवर राग धरू नका, सहा महिन्यांत तिला बरंच काही कळलेलं नसणार आणि ते तिलाही जाणवत असणार. तिला तुमच्यासोबत सकाळची फेरी मारायला बोलवा. तिला जे शब्द येतात ते तुम्ही तिच्याकडून घ्या, तुम्हाला जे दिसतं ते तिला दाखवा. तीन महिन्यांनी दोघं मिळून ट्रस्टींकडे जा, व्हिडिओ घेऊन, आणि पदाचं नाव आणि पगारवाढ दोन्ही लेखी मागा. नुसतं नाव दिलं आणि पगार तोच ठेवला तर घेऊ नका.

संस्थेने ऐकलंच नाही तर भाचीला सांगा मला पुन्हा मेसेज करायला. आठ वर्षं रोज केनेल उघडलेला आणि कुत्र्याकडे नीट बघणारा माणूस मलाही माझ्या टीममधे हवाय.